कलिंगड फुटलं नाही

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकीणबाई गेली तीन वर्षं माझ्या मागे आहेत. “तुमच्या क्षेत्रातलंच काहीतरी, पण हलकंफुलकं. गुडघेदुखीवर पाच घरगुती उपाय वगैरे,” असं त्यांनी यंदा सुचवलं. घरगुती उपायांशी माझं जन्माचं वाकडं आहे. पंचवीस वर्षं मी इथे सिंगापुरात, नोव्हेनातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, येत्या मार्चमध्ये निवृत्त होते आहे, आणि त्याआधी एक गोष्ट लिहून टाकायची आहे. तिच्यात उपाय एकही नाही. उलट मी केलेली एक घोडचूक आहे. चालत असेल तर छापा.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना मी मालिशवाली वाटते. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात धरून माझ्यापुढे मान वाकवणारे सद्गृहस्थ दरवर्षी असतात. “जरा बघता का, इथे धरलंय.” हे बहुधा चांगी बिझनेस पार्कात दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसणारे. त्यांना व्यायाम सांगितला की ते त्याचा व्हिडिओ मागतात, व्हिडिओ पाठवला की तो मनोभावे बघतात, आणि पुढच्या गणपतीला तीच मान घेऊन हजर होतात. तर, फिजिओ म्हणजे मालिश नव्हे. शरीर एखादी हालचाल विसरलेलं असतं, नाही तर चुकीची शिकलेलं असतं. ती आम्ही पुन्हा शिकवतो. शिक्षकाचाच पेशा आहे हा, फक्त विद्यार्थी कण्हतात.

आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शून्य ते दहा, किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. या आकड्यावर आमचं पुढचं सगळं चालतं. पुण्याचे एक निवृत्त अकाउंटंट मला साडेसहा सांगायचे आणि पुढच्या खेपेला सव्वासहा. एक चिनी आजी सगळ्यालाच दहा म्हणायच्या आणि मग पिशवीतून संत्री काढून द्यायच्या. आकडा ऐकायचा की चेहरा बघायचा हे उमगायला मला निम्मी नोकरी लागली. उमगलं अशी माझी समजूत होती. मग वेंडेल आला.

हे त्याचं खरं नाव नाही, पण गोष्ट लिहायची परवानगी त्याने दिली आहे. अमेरिकन, काळा, चाळिशी ओलांडलेला, आणि खांदे एवढे रुंद की आमच्या दारातून तो जरा तिरका होऊन आत आला. डावा हात झोळीत. बरोबर बायको हुई मिन, इथलीच, बँकेत नोकरी करणारी, चौथा महिना लागलेला. आणि हुई मिनची आई. तिला मी इथल्या रीतीप्रमाणे आंटी म्हणू लागले. काय झालं असं मी वेंडेलला विचारलं, उत्तर आंटींनी दिलं, वाक्यामागे ‘लाह’ लावायच्या इथल्या इंग्रजीत.

“मार्केटमधे पाय घसरला. फरशी ओली, सगळेच घसरतात, लाह. पण सगळे हात टेकतात. हा नाही टेकत! याच्या हातात कलिंगड. कलिंगड पोटाशी धरून पडला. हाड मोडलं, कलिंगडाला चरासुद्धा नाही. आय्या, असा कुठे जावई असतो?”

“मग कलिंगडाचं काय केलंत?” मी विचारलं.

“खाल्लं,” आंटी म्हणाल्या. “गोड निघालं.”

मी हसले, पण मनात कुतूहल जागं झालं. पडताना हात पुढे टाकणं हे कुणाला शिकवावं लागत नाही. रांगतं मूल टाकतं, नव्वदीची आजी टाकते. म्हणून तर मनगट मोडलेली माणसं आमच्याकडे रोज येतात. गळ्याजवळचं हाड मोडून आणि तळहातावर एकही ओरखडा न घेता आलेला हा पहिलाच. वेंडेलला मी कारण विचारलं तेव्हा तो साधेपणाने म्हणाला, “मी रनिंग बॅक होतो.” जणू एवढ्याने सगळं कळायला हवं.

मला काही कळलं नव्हतं. तुम्हालाही कळलं नसेल, म्हणून त्याने मला टॉवेलची गुंडाळी करून जे समजावलं ते सांगते. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो पायाने मारण्यापेक्षा हातात घेऊन पळायचाच खेळ मोठा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. एक जण मागे उभा राहून चेंडू वाटतो. ज्याच्या पोटात तो चेंडू खुपसतो तो रनिंग बॅक. त्याने समोरच्या भिंतीत शिरायचं. भिंत माणसांची, एकेक सव्वाशे-दीडशे किलोचा. फट दिसली तर आत, नाही दिसली तरी आतच. शेवट दर वेळी ठरलेला: कुणीतरी त्याला जमिनीवर आपटणार. प्रश्न एवढाच की कुठे, आणि त्या वेळी चेंडू त्याच्या हातात आहे का.

कारण रनिंग बॅकला एकच पाप माफ नाही, चेंडू सुटणं. वेंडेलच्या शाळेतल्या कोचची शिक्षा अशी होती की ज्याच्या हातून चेंडू सुटला त्याने तो दिवसभर काखेत घेऊन फिरायचं. वर्गात, जेवताना, मोरीत. आणि शाळेतल्या कुणीही येऊन तो हिसकावायचा, सुटला तर आणखी एक दिवस. बोटं टोकावर, मग तळवा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, दंड, छाती, असा पाच ठिकाणी तो अंगाला चिकटला पाहिजे. आणि कुणी एका बाजूने अंगावर आला की चेंडू गुपचूप दुसऱ्या हातात जायला हवा, येणाऱ्यापासून लांबच्या. तो हे सांगत असताना मी त्याच्या उजवीकडून टॉवेल घ्यायला हात केला, तर झोळीतला मोडका डावा हात आपसूक टॉवेलकडे निघाला. तो कळवळला आणि लगेच हसला.

त्याचं गाव दक्षिणेतलं, बाप कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात. आठव्या वर्षापासून हा पळतोय. “इथून जाता येणार नाही असं मला लोक तेव्हापासून सांगतायत,” तो म्हणाला. शाळा, मग कॉलेज, मग सहा वर्षं व्यावसायिक खेळ. त्या कामात सहा वर्षं म्हणजे म्हातारपण. एवढ्या वर्षांत हजारदा त्याने चेंडू नेला आणि त्यातलं एकच लोकांच्या लक्षात राहिलं. एका मोठ्या सामन्यात, शेवटच्या रेषेपासून दोन हातांवर, चेंडू निसटला. अजूनही विमानतळावर एखादा अमेरिकन भेटतो आणि आनंदाने विचारतो, “तूच ना तो?” डावा गुडघा दोनदा उघडून शिवला गेला. मग एका सकाळी खोलीच्या दारावर टकटक झाली. “कोचनी बोलावलंय, वही घेऊन ये.” वहीत संघाचे सगळे डावपेच असतात, ती परत मागितली की नोकरी गेली समजायचं. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. या वयात आपल्याकडची मुलं एम्प्लॉयमेंट पास घेऊन इथे पहिल्या नोकरीवर उतरत असतात.

आता तो इथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत खेळ शिकवत होता आणि पासिर रिसला सासूच्या फ्लॅटमध्ये राहत होता. हाड सहा आठवड्यांत जुळणार होतं, त्याची काळजी नव्हती. काळजी गुडघ्याची होती. आतली गादी झिजून गेलेली, आणि महिन्यातून दोन-तीनदा तो न सांगता दगा द्यायचा. “तुला काय करता यायला हवंय?” हा आमचा दुसरा ठरलेला प्रश्न. कुणी म्हणतं बस पकडता यावी, कुणी म्हणतं देवापुढे मांडी घालता यावी.

“मला माझं बाळ उचलून चालायचंय,” वेंडेल म्हणाला.

“कॅनॉट,” आंटी म्हणाल्या. जमायचं नाही.

भांडण हेच होतं आणि ते माझ्या टेबलावर येऊन पडलं. डॉक्टरांनीही सावधपणे आंटींची बाजू घेतली होती: बसून घ्या मांडीवर, उभ्याने नको. हुई मिनचा एक हात नवऱ्याच्या पाठीवर होता आणि दुसरा पोटावर. मी फाइलवर लिहिलं, ‘ध्येय: बाळाला घेऊन घरात सुरक्षित चालणे.’ लिहिलं म्हणजे मी पत्करलं.

पहिल्याच महिन्यात माझं चुकलं. किती दुखतंय, असं विचारलं की वेंडेल म्हणायचा, “दोन.” पायरी चढवली, दोन. वजन वाढवलं, दोन. मी खूश, वजन वाढवत गेले. चौथ्या आठवड्यात गुडघा कोहळ्याएवढा सुजला. तेव्हा कुठे मला आठवलं की दुखलं की हा माणूस हसतो. मी चिडले, आधी त्याच्यावर आणि मग स्वतःवर. “खोटं का सांगितलंस?”

“तिथे आकडा सांगितला की मागे दुसरा हेल्मेट घालून उभाच असायचा,” तो म्हणाला.

मीही त्याच जातीची. मिरजेला कॉलेजात असताना मी कबड्डीत चढाई करायची. जिल्ह्याच्या संघात होते. राज्याच्या निवडीआधी गुडघ्यात चमक यायला लागली, पण मी कुणाला सांगितलं नाही. सलवारीखाली क्रेप बँडेज बांधून मैदानात उतरले. घोट्याची पकड झाली, गुडघा फिरला, आणि मी सरपटत जाऊन मध्यरेषेला बोट लावलं. तिथून स्ट्रेचरवर गेले ती पुन्हा खेळले नाही. पण तो गुण पंचांनी दिला होता आणि तो माझा आहे.

हे मी वेंडेलला सांगितलं. त्याला कबड्डी माहीत नव्हती. मग दोन पलंगांच्या मधल्या जागेत मी त्याला रेषा दाखवली, सात जण कुठे उभे असतात ते दाखवलं, आणि या वयात, गणवेशात, कबड्डी कबड्डी करत चढाई करून दाखवली. पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेल फार गंभीरपणे बघत होता.

“तुझ्या हातात काय असायचं?” त्याने विचारलं.

“काही नाही. दम. तो सुटला की बाद.”

त्याने मान हलवली. त्या दिवसापासून तो मला कोच म्हणू लागला. आकडा मात्र दोनच राहिला.

आता माझी खरी चूक. हाड जुळल्यावर मी त्याला पडायला शिकवायचं ठरवलं. हसू नका, हा आमच्या कामाचा भाग आहे. पडणाऱ्या माणसाला पडता आलं पाहिजे. पुस्तकात लिहिलं आहे आणि मी शेकडो लोकांना शिकवलं आहे: हातातलं सोडा, हात मोकळे करा, मग पडा. पिशवी गेली तरी चालेल, हाड जाता कामा नये. याची तर सगळी गडबड तिथेच होती, हातातलं सुटत नव्हतं. म्हणून जाड गादी घातली, त्याच्या हातात उशी दिली, बाजूने धक्का दिला आणि ओरडले, “सोड!” तो धाडकन पडला. उशी छातीशी.

“सोड म्हटलं ना!”

“ऐकलं कोच. हात ऐकत नाहीत.”

सात आठवडे गेले. उशी, व्यायामाचा वजनदार चेंडू, माझी पर्स, काही म्हणजे काही सुटेना. पालथ्या घड्यावर पाणी. माझाही हट्ट वाढत गेला. माझा नवरा अविनाश म्हणायचा, “अगं, झोपेत ‘सोड सोड’ ओरडतेस, शेजारी काय म्हणतील?” आणि मग एका मंगळवारी मी धक्का दिला, उशी हातातून उडाली, दोन्ही तळहात गादीवर टेकले, आणि वेंडेल पुस्तकातल्या चित्रासारखा पडला. मी आनंदाने ओरडले. तो उठला नाही. गादीवर बसून उशीकडे बघत राहिला. “आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम सोडलं,” एवढंच म्हणाला. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी फाइलवर ‘साध्य’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

हुई मिनला आठवा संपत आला तेव्हा मी पासिर रिसला घरी गेले. घरात माणूस कसा वावरतो हे बघितल्याशिवाय आम्ही शेवटचा अहवाल लिहीत नाही. नवव्या मजल्यावरचा नीटनेटका फ्लॅट, दाराशी चपलांचं कपाट, बाल्कनीला बोटभर उंबरा. मी आंटींकडून पाच किलो तांदळाची पिशवी मागितली, बाळाच्या दुपट्यात गुंडाळली आणि वेंडेलच्या हातात दिली. स्वयंपाकघरातून बेडरूम, बेडरूममधून बाल्कनी. तो छान चालला. एकदा, दोनदा. हुई मिन सोफ्यावरून बघत होती. आंटी हाताची घडी घालून उभ्या. तिसऱ्या फेरीत बाल्कनीपाशी वळताना गुडघ्याने दगा दिला.

इतकं सुरेख पडणं मी पाहिलेलं नाही. हात मोकळे, तळवे सपाट, मान वर. कुठे खरचटलंही नाही. आणि दुपट्यातली पिशवी हवेतून गेली, चपलांच्या कपाटावर आपटली आणि फुटली. तांदूळ पार दारापर्यंत गेला.

आंटी बोलतील, त्यांनी बोलावं, असं मला वाटत होतं. त्यांनी केरसुणी आणली आणि खाली बसून तांदूळ गोळा करायला लागल्या. हुई मिनने दोन्ही हात पोटावर धरले होते. वेंडेल तिथेच जमिनीवर बसून होता. “सोडलं,” तो म्हणाला. “पुन्हा.”

त्याने सोडलं नव्हतं. मी सोडायला लावलं होतं. देवाने आणि एका खडूस कोचने मिळून या माणसाला जगातली एक गोष्ट पक्की शिकवली होती, जिवावर बेतलं तरी हातातलं सोडायचं नाही. तो होऊ घातलेला बाप होता, आणि मी त्याच्या त्या एकमेव गुणाला आजार समजून सात आठवडे राबून बरा केला. तो काय उचलणार आहे हे माझ्याच अक्षरात फाइलवर लिहिलेलं होतं. परतताना एमआरटीच्या गाडीत मला रडू आलं, आणि स्टेशनं मोजायच्या निमित्ताने मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुखांना, मिस टॅनना, मी जे झालं ते सांगितलं. त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हुशार आणि मुळात भल्या. “सुनंदा, सोपं आहे,” त्या म्हणाल्या. “उभ्याने उचलू नये, असं लिही. फाइल बंद कर, लाह. कुणी दोष देणार नाही.”

“मला दोष द्यायलाच हवा,” मी म्हणाले. “मी त्याला बिघडवलंय.”

“आणि उद्या तो बाळासकट पडला तर?”

“उभ्याने घेऊ नका असं लिहिलं म्हणून तो ऐकणार आहे का? तो लपून घेईल आणि माझ्या पद्धतीने पडेल.”

त्याच्या ठरलेल्या खेपा संपल्या होत्या. मिस टॅननी आणखी मंजूर केल्या नाहीत, पण माझ्या जेवणाच्या सुट्टीत व्यायामशाळेचा कोपरा रिकामा असतो याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. एवढा त्यांचा मोठेपणा. मी वेंडेलला फोन केला. तो येणार नाही म्हणाला. “कोच, वही परत दिली मी.”

“मी मागितलेली नाही,” मी म्हणाले. “उद्या साडेबारा. या वेळी तू शिकवायचं.”

आणि त्याने शिकवलं. “तू रिकाम्या हाताने पडायला शिकवतेस. आम्ही भरल्या हाताने पडतो,” म्हणाला. गुडघा गेला की पुढे पडायचंच नाही. जाणाऱ्या पायाकडे अंग वळवायचं, हनुवटी आत, कुल्ल्यावर बसल्यासारखं खाली यायचं आणि पाठीवर लोळायचं. हातातलं आभाळाकडे, आपण जमिनीकडे. पुस्तकातलं उत्तर याच्या बरोबर उलटं. नीट कळावं म्हणून लोडाचं बाळ करून मीही पडले, साठीला टेकलेली बाई, दहा वेळा. माझ्या हाताखालच्या मुली दारातून फोनवर शूटिंग करत होत्या. करू देत. माझ्या मांडीवरचे काळेनिळे डाग बघून अविनाशने फक्त तेल पुढे केलं.

सवय मोडायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा मोडलेली जोडायला जास्त लागतो. तीन आठवड्यांनीही दहातल्या चार वेळा उशी उडायची. दिवस भरत आले होते. शेवटी मी पासिर रिसला जाऊन आंटींसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं: चूक माझी होती, त्याची नव्हती. हे आधी कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, “तो कोच काय करायला लावायचा म्हणालीस? दिवसभर धरून फिरायला?”

“हो. आणि बाकीच्यांनी हिसकावायचं.”

“बाकीचे मी,” आंटी म्हणाल्या.

त्या दिवसापासून वेंडेल घरात असेल तेव्हा नव्या तांदळाची पिशवी दुपट्यात बांधून त्याच्या हातात. जेवताना, टीव्ही बघताना, लिफ्टमध्ये. आणि सत्तरीच्या आंटी, पाच फुटांच्या आत-बाहेर, स्वयंपाकघराच्या दाराआडून येऊन दुपट्याला हिसका द्यायच्या. कधी छत्रीच्या मुठीने, कधी उलथन्याने कोपरावर. पहिल्या आठवड्यात पिशवी दोनदा सुटली. दुसऱ्यात एकदा. मुलगी जन्मली त्या सकाळी हुई मिनला घेऊन निघताना हा काखेत तांदूळ घेऊन टॅक्सीत बसायला निघाला होता, तो आंटींनी काढून घेतला. काढून घेताना त्यांनाही झटापट करावी लागली, असं त्या मला अभिमानाने सांगत होत्या.

अहवाल मी लिहिला. ‘घरात सपाट जमिनीवर, बूट घालून, बाळाला उभ्याने घेऊन चालू शकतो. जिन्यावर नाही. कारण: याला पडता येतं.’ माझ्या चुकीचाही एक परिच्छेद लिहिला, काहीही न झाकता. मिस टॅननी अहवाल दोनदा वाचला, हा परिच्छेद गाळशील का असं विचारलं. मी नाही म्हणाले. पंचवीस वर्षांत माझ्या नावावर एकच लेखी समज आहे आणि ती मी जपून ठेवली आहे.

इथे चिनी घरांत महिनाभर बाळ-बाळंतीण बाहेर पडत नाहीत, आपल्या सव्वा महिन्यासारखंच. महिना झाला की लाल रंगवलेली अंडी वाटतात, जेवण करतात. मला बोलावणं होतं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडलेली, पन्नासेक माणसं. लिफ्टचं दार उघडलं. आधी हुई मिन, मग वेंडेल, पायात बूट, उजव्या हातात लेक: बोटं, तळवा, हात, दंड, छाती. मागून आंटी. त्यांच्या हातात सवयीने उलथनं होतं.

लिफ्टपासून माझ्या टेबलापर्यंत तीस-चाळीस पावलं असतील. वाटेत एकदा डावा गुडघा लचकला. मी खुर्चीची कड घट्ट धरली. तो जाणाऱ्या पायाकडे वळला, क्षणभर थांबला, सावरला आणि चालत आला. कपाळावर घाम होता.

“किती?” मी विचारलं.

या वेळी तो हसला नाही. “आठ,” म्हणाला.

इतक्या महिन्यांत मला मिळालेला हा पहिला खरा आकडा. मी उठले आणि त्याच्या उजव्या बाजूने दोन्ही हात पुढे केले. “आण इकडे. तू बस जरा.”

त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मग त्याने लेकीला डाव्या हातात घेतलं, हाड मोडलेल्या बाजूच्या, माझ्यापासून लांबच्या, आणि पुढच्या टेबलाकडे चालू लागला.